काटा बदलला, दूध तेच

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेले बोलणे. छापण्यासाठी थोडे नीटनेटके केले आहे.)

दुपारची भांडी आवरून, कोणी तांदूळ निवडत, कोणी गोधडीला टाके घालत ऐकायला बसल्या असाल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या.

आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. आम्हीसुद्धा आधी म्हटलं होतं, हे आपल्या कामाचं नाही. पण ऐकून घेतल्यावर कळलं की हे तर आपल्या डेअरीवर रोज घडतंय.

झालं असं. आमच्या गटातल्या एका ताईची लेक घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. तालुक्याच्या कॉलेजात शिकली, शहरात दोन वर्षं राहिली, आता माडीवरच्या खोलीत बसून नोकरी करते. गटाचं प्रोसिडिंग तीच लिहून देते. गेल्या महिन्यात ती बैठकीला आली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "काय की बाई, म्हणते काटा बदलायचा झालाय, त्यात घोळ झालाय." आम्हाला वाटलं, दुकानाबिकानाचा काटा असेल. दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती तांबारलेले डोळे घेऊन. रात्रभर जागी होती. मग आम्ही तिला मध्ये बसवली, चहा दिला आणि म्हटलं, सगळं सांग, आम्हाला कळेल असं सांग. तिनं सांगितलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी काही शब्द समजून घेऊ.

कॉम्प्युटरला जे काम सांगायचं ते ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला कोड म्हणतात. पण सगळंच कोणी स्वतः लिहीत बसत नाही. आपण पापडाचा धंदा करतो तेव्हा मीठ, पापडखार, हिंग बाहेरूनच आणतो ना? तसंच ही मंडळी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार भाग आणतात. अशा तयार भागाला लायब्ररी म्हणतात. आपलं काम ज्या लायब्ररीवर टेकलेलं असतं, तिला डिपेंडन्सी म्हणतात, म्हणजे ज्यावर आपण अवलंबून आहोत ती वस्तू. यातल्या पुष्कळ लायब्रऱ्या फुकट मिळतात. जगात कुठे कुठे बसलेली माणसं त्या लिहितात आणि सांभाळतात.

आता यातलीच एक खास जात आहे, वेग मोजणारी लायब्ररी. लिहिलेलं काम किती वेळात होतं, ते मोजून सांगणारी. या मोजण्याला बेंचमार्किंग म्हणतात. आमची पोरगी तिला सरळ 'काटा' म्हणते. आपणही काटाच म्हणू.

तिचं काम रस्ट नावाच्या भाषेत चालतं. ही कॉम्प्युटरला सांगायची भाषा, तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात वेग मोजायला बरेच जण जो काटा वापरतात त्याचं नाव क्रायटेरियन. या नावाचा काटा आधी हॅस्केल नावाच्या दुसऱ्या एका भाषेत होता, तो ब्रायन ओ'सुलिव्हन यांनी लिहिला. त्याच धर्तीवर रस्टचा काटा होर्हे आपारिसिओ यांनी सुरू केला आणि पुढे दुसऱ्यांनी सांभाळला.

हा काटा मोजतो कसा, ते ऐका. आपण पहिली भाकरी तव्यावर टाकतो तेव्हा तवा पुरता तापलेला नसतो. पहिल्या भाकरीवरून चुलीची परीक्षा करायची नसते. हा काटाही तसंच करतो. आधी तीन सेकंद काम नुसतंच करून बघतो, ते मोजत नाही. मग साधारण पाच सेकंदांत तेच काम पुन्हा पुन्हा करून शंभर नमुने घेतो. एका नमुन्यावर भरवसा नाही, शंभरांवर आहे. मग मागच्या वेळच्या मोजणीशी ताडून बघतो आणि सांगतो: वेग सुधारला, वेग घटला, किंवा काही फरक नाही. फरक एक टक्क्याच्या आतबाहेर असला तर तो सहसा मनावर घेत नाही, कारण तेवढी थरथर काट्यात असतेच.

त्यात आणखी एक गंमत आहे. आपण लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा फार हुशार. समजा, तुम्ही गिरणीवाल्याला सांगितलं, हे दळून ठेव. आणि त्याला कळलं की हे पीठ न्यायला कोणी येणारच नाही. तर तो गिरणी चालूच करणार नाही आणि म्हणेल, झालं दळून. कंपायलर तसंच करतो. उत्तर कोणी वापरत नाही असं दिसलं की काम गाळूनच टाकतो. मग काटा दाखवतो, वा, काहीच वेळ लागला नाही! ही फसगत टाळायला मोजणाऱ्याला सांगावं लागतं, की बाबा, पीठ न्यायला माणूस येणार आहे असंच समज. ही सांगायची जी सोय आहे तिला ब्लॅक बॉक्स म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रश्न येतो, चांगला चालणारा काटा बदलायचा कशाला?

आम्ही तोच प्रश्न विचारला. पोरगी म्हणाली, "मावशी, काटाही दुसऱ्या वस्तूंवर टेकलेला असतो." क्रायटेरियनच्या जुन्या आवृत्तीत अॅटी नावाचा एक छोटा भाग होता. लिहिलेलं पडद्यावर जातंय की फाइलमध्ये, एवढंच तो ओळखायचा. पण त्याची देखभाल थांबली आणि त्यात एक दोष आहे अशी सूचना सुरक्षेच्या यादीत लागली. मग मे २०२३ मध्ये क्रायटेरियनची ०.५ आवृत्ती आली, तिच्यात तो भाग काढून दुसरा बसवला. ज्यांनी काटा बदलला नाही त्यांच्याकडे तो जुना भाग तसाच राहिला. म्हणजे न बदलण्यातही जोखीम असते. वापरात असलेल्या दोरीला पीळ सुटायला लागला की पाणी शेंदायच्या आधी ती बदलावी लागते.

"मग आली नवी आवृत्ती की लगेच घ्यायची," आमच्यातली एक म्हणाली. तर तेही नाही. त्यावर पोरीनं एक खरी गोष्ट सांगितली.

मार्च २०२४ ची गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक इंजिनिअर आपल्या कामाचा वेग मोजत बसले होते. मोजणीत गडबड नको म्हणून त्यांनी मशीनवरची बाकीची कामं शांत करायला घेतली. तेव्हा त्यांना दिसलं की लांबून मशीनमध्ये शिरायचं जे दार असतं, ते उघडायला रोजच्यापेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद म्हणजे किती? पापणी लवून उघडेपर्यंत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असेल काहीतरी. यांनी माग काढला. निघालं काय, तर एक्सझी नावाची एक लायब्ररी, फाइली दाबून लहान करणारी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घालून ठेवला होता. २९ मार्चला त्यांनी ते सगळ्यांना जाहीर सांगितलं. त्या आवृत्त्या अजून सगळीकडे पोचल्या नव्हत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

बघा मैत्रिणींनो. नवी आवृत्ती डोळे झाकून घेतली असती तर चोर घरात. आणि सापडला कसा? नीट मोजत बसलेल्या एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून.

म्हणजे जुनंच धरून बसणं बरं नाही आणि आलं ते नवं घेणंही बरं नाही. बघून, मोजून, एकेक करून बदलायचं. ते कसं, ते सांगतो.

पहिलं, आवृत्तीचा आकडा वाचायचा. रस्टवाल्यांची जी सामान आणायची व्यवस्था आहे तिचं नाव कार्गो. तिच्या नियमात ०.५.० वरून ०.५.१ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, ती सहज घेता येते. पण ०.५ वरून ०.६ म्हणजे मोठा बदल, काही जुन्या गोष्टी चालणार नाहीत असं समजायचं. तो आपोआप येत नाही, यादीत हातानं लिहावा लागतो. पोरीला हाच बदल करायचा होता.

दुसरं, यादी आणि पावती दोन्ही बघायच्या. कार्गोच्या दोन फाइली असतात. एक यादी: आम्हाला हे हे सामान हवं. दुसरी पावती: नेमकं कोणतं आलं, कुठल्या आवृत्तीचं आलं, आणि त्या सामानावरची खूण काय. यादीत आपण एक ओळ बदलतो, पण पावतीत दहा ओळी बदललेल्या दिसतात, कारण एका वस्तूबरोबर तिच्या मागच्या वस्तूही येतात. पोरगी म्हणाली, "यादी सगळे वाचतात, पावती कोणी वाचत नाही." आम्ही एकमेकींकडे बघितलं. आपल्याकडेही तसंच आहे.

तिसरं, बदलांची नोंद वाचायची. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय काय बदललं ते लिहिलेलं असतं. क्रायटेरियन ०.६ च्या नोंदीत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे, मघाशी सांगितला तो ब्लॅक बॉक्स आता काट्यानं स्वतःचा वापरायचा सोडला, भाषेनं दिलेला वापरायला घेतला. आपल्या कोडमध्येही तसाच बदल करा असं सांगितलं. दुसरी म्हणजे, हा काटा चालायला कंपायलर १.८० किंवा त्याच्या पुढचा लागतो. ज्यांचा कंपायलर जुना, त्यांना काट्याबरोबर कंपायलरही बदलावा लागतो.

आणि इथेच घोळ झाला.

पोरीच्या कामावर सहा जणांचा चमू आहे. त्यात एक मुलगी नवी लागलेली, अजून पक्की झालेली नाही. सोमवारी त्या नव्या मुलीनं कोडमध्ये एक बदल केला. मंगळवारी आमच्या पोरीनं काटा बदलला, त्यासाठी कंपायलरही बदलला. बुधवारी मोजणी झाली तर दोन ठिकाणी लाल अक्षरं: वेग घटला. वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर नव्या मुलीला विचारलं, "तू काय बिघडवून ठेवलंस?" ती बिचारी गप्प. शेवटचा बदल तिचाच होता ना. काटा काय, त्याला कोण विचारतो? काटा तर मोजणारा, तो कसा चुकेल?

हे ऐकलं आणि आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली. कारण आमच्यातल्या एकीवर हेच गुदरलं होतं.

तीन वर्षांमागे आमच्या इथल्या एका दूध संकलन केंद्रावर फॅटचं मशीन बदललं. त्या बाईच्या म्हशीचं फॅट रोज साडेसहाच्या आसपास लागायचं. नव्या मशीनवर पहिल्या दिवशी ५.९. रांगेतल्या कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पाणी पडलं वाटतं." ती बाई घरी येऊन रडली. चार दिवस नवऱ्याला पाठवलं, स्वतः गेली नाही. मग आम्ही गटानं जाऊन सांगितलं, एकच दूध जुन्या मशीनवर आणि नव्या मशीनवर, दोन्हीकडे लावा, आणि त्याच दुधाची गर्बर पद्धतीनं तपासणी करा. ती पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, काचेच्या नळीत दूध, त्यात गंधकाम्ल, नळ्या गरगर फिरवायच्या आणि वर आलेली चरबी मोजायची. वेळ लागतो, पण मशीनचं खरंखोटं त्यावर पारखता येतं. तपासणीत नवं मशीनच कमी दाखवत होतं. दूध तेच होतं, काटा बदलला होता. मशीन दुरुस्त झालं. पण रांगेत बोललेला शब्द कोणी परत घेतला नाही.

पोरीनं रात्री जागून हेच केलं. तिनं त्या तीन बदलांना वेगळं केलं. आधी जुना काटा, जुना कंपायलर आणि फक्त नव्या मुलीचा बदल. मोजलं, काही फरक नाही. मग त्या मुलीचा बदल काढून टाकला, काटा जुनाच ठेवला, फक्त कंपायलर नवा घेतला. मोजलं, त्याच दोन ठिकाणी वेग घटला. मग कंपायलर जुन्यापेक्षा नवाच ठेवून काटाही नवा केला. मोजलं, तर अगदी छोट्या कामांचे आकडे थोडे हलले, कारण ब्लॅक बॉक्स बदललेला, बाकी तसंच. म्हणजे लाल अक्षरं आली होती कंपायलरमुळे. नव्या मुलीचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

पहाटे तिनं सगळे आकडे मांडून चमूला लिहिलं. आणि त्यात एक ओळ तिनं स्वतःबद्दल लिहिली, की चूक माझी आहे, मी एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या आणि बदलायच्या आधी जुने आकडे बाजूला लिहून ठेवले नाहीत. साहेबांनी त्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं होतं, मग सगळ्यांसमोरच सांगावं, असंही तिनं लिहिलं. साहेबांनी सांगितलं. आमच्या ताईला लेकीच्या पगारापेक्षा या गोष्टीचा अभिमान जास्त आहे, आणि तो असावाच.

आम्ही विचारलं, "आता पुढच्या वेळी कसं करशील?" तिनं बोटावर मोजून सांगितलं. बदलायच्या आधी जुन्या काट्यावर मोजून आकडे राखून ठेवायचे. क्रायटेरियनमध्ये त्याची सोय आहे, त्या राखीव मोजणीला बेसलाइन म्हणतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कंपायलर आज, काटा उद्या. तोवर दुसऱ्या कोणाचा बदल मध्ये येऊ द्यायचा नाही. काटा बदलताना काम तेच ठेवायचं, म्हणजे एकच दूध दोन्ही मशीनवर. मोजताना लॅपटॉप चार्जरला लावलेला, बाकीचे प्रोग्राम बंद. आणि शेवटी तारीख घालून वहीत लिहायचं: या दिवसापासून काटा नवा, याच्या आधीचे आकडे याच्या पुढच्या आकड्यांशी सरळ ताडू नका.

एकीनं हुशारीचा प्रश्न विचारला, "हा काटा लोकांच्या मोबाइलमध्ये जातो का?" नाही जात. रस्टमध्ये अशा वस्तू यादीत वेगळ्या लिहितात, फक्त बनवणाऱ्यांच्या वापरासाठी. आपण पापडाच्या पुड्यात वजनकाटा घालून देतो का? नाही. पण काटा खोटा असला तर पुड्यातलं वजन खोटं होतं. आणि काट्यात चोर बसला तर तो बनवणाराच्या घरात बसतो. म्हणून काटा गिऱ्हाइकाकडे जात नसला तरी त्याची काळजी घ्यायचीच.

आता यातलं आपण काय घ्यायचं?

आपल्या गटाचा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर त्यावर वैध मापन खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे का, ते या आठवड्यात बघा. डेअरीवर मशीन बदललं किंवा दुरुस्तीहून आलं की पहिल्याच दिवशी एकच दूध दोन्हीकडे लावायला सांगा आणि ते आकडे कागदावर घ्या. गटाची हिशेबाची पद्धत बदलायची असेल, वहीवरून मोबाइलवर जायचं असेल, तर एक महिना दोन्ही चालू ठेवा. पीठ, मीठ आणि मसालेवाला एकदम बदलू नका. पापड फुटले तर कोणामुळे फुटले ते कळणार नाही.

आणि आकडा एकाएकी बदललेला दिसला तर आधी काटा तपासा, मग माणसाकडे बोट दाखवा. काट्याला काही वाटत नाही. माणसाला चार दिवस घराबाहेर पडवत नाही.

ती नवी मुलगी आता पक्की झाली, असं परवा पोरीनं सांगितलं. आणि आमची पोरगी येत्या बैठकीत गटाचा वजनकाटा तपासून देणार आहे, किलोचं शिक्क्याचं वजन घेऊन. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर केंद्रावर येऊन सांगा, आपण इथं बोलू.

चला, चहाची वेळ झाली. सांभाळून राहा. नमस्कार.